दीड इंच माया

शिंपीकामात माया म्हणजे प्रेम नव्हे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर शहाणी माणसं पहिल्याच ओळीला डोळे पुसायला घेतील. ब्लाऊज शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. बाहेरून ती दिसत नाही. पण बाई अंगानं भरली, बाळंत होऊन आली, की बाजूची टीप उसवायची, आतली माया सोडायची, आणि तोच ब्लाऊज परत अंगाला बसतो. माया न ठेवता कापलेला ब्लाऊज पहिल्या दिवशी फार सुबक दिसतो, हे मान्य. पण एकदा घट्ट झाला की त्याचं पुसणं करायचं, दुसरं काही होत नाही.

कर्नाटकातल्या रामनगरात बेळगाव-गोवा रस्त्याला लागून माझं दुकान आहे. चाळीसहून जास्त वर्षं मी तिथंच बसते. मोठा ट्रक गेला की खिळ्याला लावलेली कात्री किणकिणते, आणि मी मान वर न करता सांगू शकते की गाडी भरलेली होती का रिकामी. गिऱ्हाईकं मला शालनआक्का म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण अंकात छापण्यासारखं नाही. मी कापड बिघडवलं असं कुणी म्हणत नाही, एवढं पुरे.

आमच्या धंद्यात दुसऱ्याचं काम बघायची एक रीत आहे. कपडा हातात आला की आधी उलटा करायचा. सुलट्या बाजूनं सगळेच साव. आत दोरे लोंबतात का, टीप वाकडी आहे का, माया किती ठेवली, हे बघितलं की शिवणाऱ्याची सगळी कुंडली कळते. एकदा गोव्याकडं निघालेलं लग्नाचं वऱ्हाड माझ्या दारात थांबलं. नवरी गाडीत रडत होती, ब्लाऊजचे हुक लागेनात. मी ब्लाऊज उलटा केला तर आत पाव इंचसुद्धा माया नाही. कुणा थोर माणसानं तो शिवला होता देव जाणे. शेवटी तिच्याच शालूच्या आतल्या टोकाची पट्टी कापून दोन्ही बगलांत जोडली आणि नवरीला सांगितलं, "पोरी, हात वर करू नको. हार घालताना नवऱ्यालाच वाकायला सांग." तो वाकला म्हणे. पुढं संसारातही वाकतच असेल, तर त्याचं श्रेय माझं.

हे सगळं मी रंगवून सांगते, तसंच माझ्या शाळेचंही वर्षानुवर्षं रंगवून सांगत आले. सुप्याच्या धरणात आमचं गाव गेलं आणि आम्ही रामनगरला आलो तेव्हा मी लहान होते. इथल्या मराठी शाळेत नववीपर्यंत गेले. अभ्यासात ढ नव्हते, पण मन लागेना. कन्नडाचा तास असला की मी मागच्या बाकावर बसून रुमालाला टाके घालायची. शेजारची एक बाई गाव सोडून चालली होती, तिचं पायमशीन आमच्या घरी आलं आणि मी नववी अर्ध्यात सोडून त्याच्यावर बसले. कुणी जबरदस्ती केली नाही. घरात अन्नाला मोताद होतो असंही नाही. मला धंदा करायचा होता, मी केला. गुरुजी घरी आले होते. म्हणाले, "शालन, तुझं नाव मी वर्षभर पटावर ठेवतो. कवाबी ये." मी मान हलवली आणि त्यांच्या सदऱ्याला निघालेलं बटण लावून दिलं.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे ऐकवलं आहे. "नववीत शाळा सोडली आणि बघा, रामनगरात आज माझ्या हातचा ब्लाऊज घातल्याशिवाय लग्न लागत न्हाई." बाया हसायच्या. कोपऱ्यात बसून हुक लावणारी अक्षताही ऐकायची. ती ऐकता ऐकता काय शिवत होती, ते मला उशिरा कळलं.

अक्षता कुंभारवाडा गावाच्या पलीकडच्या एका वाडीतली. चार घरं, भाताची चार खाचरं, आणि दिवसाला येईल ती बस आपली. म्हणून ती पीयूसीला, म्हणजे तुमच्या अकरावी-बारावीला, रामनगरात मावशीकडं राहायची आणि कॉलेज सुटलं की माझ्याकडं शिवण शिकायला यायची. पहिल्या महिन्यात तिनं शिवलेलं एक पोलकं मी उलटं करून बघितलं आणि पुन्हा सुलटं करायला विसरले. असं आत-बाहेर सारखं काम मी आयुष्यात दोनदाच बघितलं होतं, त्यात एकदा माझं स्वतःचं. वर मोबाईलवर बघून आरीवर्क शिकलेली. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि आकडीच्या सुईनं मणी, जर भरत जायचं. माझ्या बोटांना आता ते जमत नाही. तिच्या बोटांना जमायचं आणि तोंड चालू ठेवून जमायचं.

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. फर्स्ट पीयूसीचा निकाल लागला, पोरगी पास झाली. मे महिना, लग्नसराई ऐन भरात, दुकानात कापडाचे ढीग. अशा गडबडीत एका दुपारी अक्षता आपल्या आईला घेऊन आली. आई वाडीवरून पहिल्या बसनं आलेली, मांडीवर फणसाच्या गऱ्यांची पिशवी.

"आक्का," अक्षता म्हणाली, "बसस्टँडजवळचा गाळा रिकामा झालाय. मालक मला द्यायला तयार हाय. ऐतवारपर्यंत सांग म्हणतोय. मी सेकंड पीयूसीला जात न्हाई. ब्लाऊजचं दुकान टाकतो."

आमच्याकडं बायकापोरीही 'जातो-येतो' म्हणतात, चूक समजू नका. पोरगी ठाम होती.

आईनं माझ्याकडं बघितलं. ती घरात कोकणी बोलणारी, मराठी समजते पण निकडीला स्वतःचंच येतं. "म्हज्या चेडवान शिकूंक जाय," ती म्हणाली. माझ्या पोरीनं शिकायला पाहिजे. मग मराठीत म्हणाली, "तुम्ही सांगा गे बाय. ती तुमचंच ऐकतेय."

"आक्का काय सांगणार?" अक्षता हसली. "त्यांनी सोता नववीतच शाळा सोडलीय. काय ओ आक्का, काय बिघडलं तुमचं?"

घ्या! चाळीस वर्षं जी फुशारकी मारली ती अशी माझ्याच पदरात येऊन पडली.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या तोंडात 'सोड' हाच शब्द आला होता. त्यात पोरीचं भलं किती आणि माझं किती, ते मलाच ठाऊक. ती कॉलेज सोडती तर गाळ्याचं नंतर बघू म्हणून मी तिला आधी माझ्याच दुकानात दिवसभर बसवून घेतलं असतं. माझे डोळे अधू झालेत, सुईत दोरा ओवायला तीनदा थुंकी लावावी लागते. मुलगा पुण्याला, सुनेला सुईची भीती. माझ्यानंतर या खुर्चीवर कोण, हा प्रश्न मला रोज पडायचा आणि त्याचं उत्तर कोपऱ्यात हुक लावत बसलेलं असायचं.

तोंडातला शब्द मी गिळला. कारण आईनं गऱ्यांची पिशवी माझ्या मशीनवर ठेवली आणि मशीन जरा डुगडुगलं. त्या डुगडुगण्यानं मला एक चिठ्ठी आठवली. ती गोष्ट मी कुणालाच धड सांगितली नव्हती. त्या दिवशी दोघींना सांगितली.

मोबाईल नव्हते तेव्हाची गोष्ट. शेजारच्या किराणा दुकानात फोन होता, आणि पावसात त्याच्यातून माणसाच्या बोलण्यापेक्षा खरखरच जास्त यायची. एका मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंचा फोन आला. स्वातंत्र्यदिनाला मुलींना नवे फ्रॉक पाहिजेत, निळे, लहान-मधले-मोठे अशा तीन मापांत. बाई कन्नड बोलत होत्या. मला काय, कन्नड मी पाण्यासारखं बोलते. किती पाहिजेत, विचारलं. त्या म्हणाल्या, "इप्पत्तु." वीस. मी म्हटलं, आयतु, झालं म्हणून समजा.

पुढच्या आठवड्यात बसच्या कंडक्टरकडून त्यांची चिठ्ठी आली. सगळी कन्नडात, आकडेसुद्धा कन्नड. बोलता येत होतं, वाचता मात्र ओ की ठो येत नव्हतं. रुमालाला टाके घातले होते ना! कुणाकडून तरी वाचून घ्यायला पाहिजे होती. पण रामनगरातली नावाजलेली शालन टेलर किराणावाल्याच्या दारात चिठ्ठी घेऊन उभी राहणार? छे! आकडा मी बघितला. तो मला दोनासारखाच दिसला, कारण कानात वीस बसले होते. चिठ्ठीची चार घड्यांची घडी केली आणि मशीनचा एक पाय डुगडुगत होता त्याच्याखाली सारली. मशीन छान स्थिर झालं. त्या चिठ्ठीवर पाय ठेवून उभ्या असलेल्या मशीनवर मी वीस फ्रॉक शिवले.

पंधरा ऑगस्टच्या चार दिवस आधी वॉर्डनबाई आल्या. मी इस्त्री केलेली चळत पुढं ठेवली. त्यांनी मोजली, इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, "उळिदद्दु एल्ली, आक्का?" उरलेले कुठं?

इप्पत्तु म्हणजे वीस. एप्पत्तु म्हणजे सत्तर. इ आणि ए, एवढाच काय तो फरक. खरखरीत तो गेला वाहून, आणि चिठ्ठीत स्पष्ट लिहिलेला, तो मशीनच्या पायाखाली.

मग जे झालं ते मी नेहमी छाती पुढं काढून सांगत आले. कापड आणायला बेळगावला माणूस पाठवला. माझा हाडवैरी बाबूटेलर, त्याच्या दारात गेले. तो मला बघून आधी खो खो हसला आणि मग कात्री घेऊन उठला. रामनगरातली सहा मशीनं चार दिवस खडखडत होती. चार दिवसांत चव्वेचाळीस फ्रॉक! ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल.

"मला म्हाईत हाय ती," अक्षता म्हणाली. "तुम्ही नेहमी सांगतासा."

"मोज की मग. वीस आणि चव्वेचाळीस किती?"

तिनं मोजले. "चौसष्ट."

"आणि पाहिजे होते सत्तर. सहा पोरी ऱ्हायल्या. मी झेंडावंदनाला गेले होते बघायला. चौसष्ट पोरी निळ्या फ्रॉकात आणि सहा मागच्या रांगेत, जुन्या, विटक्या कपड्यांत. त्यातली एक फारच बारकी होती. ती पुढच्या पोरीच्या फ्रॉकला बोट लावून बघत होती. ते मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. नववी सोडली म्हणून काय बिघडलं, विचारतीस न्हवं? हे बिघडलं."

मला स्वतःला वाटलं, काय बोललो आपण! आईनं पदर तोंडाला लावला होता. मी अक्षताकडं बघितलं. तिचेही डोळे ओले झाले होते. नाक ओढून ती म्हणाली,

"पण आक्का, मला कन्नड वाचता येतंय की."

तिची आईच आधी हसली. मग मी. पोरीचं चूक काय होतं? ती पहिलीपासून कन्नड शाळेत शिकलेली. माझ्या फाटक्या चोळीचं ठिगळ मी तिच्या धड पोलक्याला लावायला निघाले होते. इतकी वर्षं जपून ठेवलेली चूक बाहेर काढली आणि ती अशी वाया गेली.

"उद्या ये," मी म्हटलं. "उद्या सांगतो." मीसुद्धा गडबडले की 'सांगतो' म्हणते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. एका बाईनं लेकीच्या लग्नासाठी शालूतलं ब्लाऊजपीस दिलं होतं. आंब्याच्या पानाचा रंग, जरीचे काठ, आणि कापड एवढं मोजकं की कात्री एक सूत इकडं तिकडं झाली तर तसलं दुसरं मिळणार नाही. अशी कापडं मी कुणाच्या हातात देत नाही. त्या दिवशी खडू, टेप आणि कात्री अक्षतापुढं ठेवली.

"काप."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग बसली. माप वहीतून वाचलं, परत वाचलं. "ही छाती बरोबर हाय न्हवं?" विचारलं. कापड घडी करून हातानं सारखं केलं. खडूनं आखलं. गळा, मुंढा, बाजू. मग बाजूच्या रेघेच्या बाहेर टेप ठेवून दुसरी रेघ मारली. पुसली. आणखी थोडी बाहेर मारली.

"किती ठेवलीस?" मी विचारलं.

"दीड इंच माया."

"एवढी? कापड मोजकं हाय. बाही अपुरी पडंल."

"बाही अर्धा इंच आखूड करतो, तिला काठ लावतो. पण माया पाहिजेच, आक्का. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी हाय. लग्न झाल्यावर भरणार की. एवढं भारीतलं कापड, एका लग्नापुरतं काय कापायचं?"

कात्री तिनं अजून उचललेली नव्हती. मी म्हटलं, "आणि तू किती वर्षांची?"

"सतरा."

"तुला किती माया ठेवलीस?"

तिनं खडू ठेवला. "ते येगळं."

"काय येगळं? सांग. मला शाळा शिकलेलं माणूस तुझ्याइतकं कुठं मिळणार?"

"चेष्टा करू नकासा," ती चिडली. "वर्षभर गाळा थांबतोय काय माझ्यासाठी? धंदा न्हाई चालला तर जाईन की परत कॉलेजला. परीक्षा काय कुठं पळून जात न्हाई."

"न चालला तर जाशील गं. मला त्याची भीतीच न्हाई. चालला तर?" मी म्हटलं. "तुझा हात बघता चालणारच. आणि चालला की माघारी कोण जातंय? गुरुजींनी माझं नाव वर्षभर पटावर ठेवलं होतं. मी गेले का? गेले न्हाई, कारण दारात गिऱ्हाईक उभं होतं. रोज उभं होतं. आज चाळीस वर्षं झाली, अजून उभं हाय. शाळा सोड, मी नको म्हणत न्हाई. दुकानच टाक, नोकरीच्या मागं लागू नको. पण आधी सेकंड पीयूसीचं एक वर्ष पुरं करून आत दुमडून ठेव. पुढं कवा लागली तर सोडायला मिळंल. कापून टाकलंस तर मागनं जोडता येत न्हाई, मला ठिगळं लावून ठाऊक हाय."

कात्री उचलली आणि ते आंब्याच्या पानाच्या रंगाचं कापड तिनं एकदाही न अडखळता कापलं. दीड इंच माया ठेवून. मग पिशवी उचलली आणि माझा निरोप न घेता निघून गेली.

रविवार गेला. सोमवारी कळलं, तिनं मालकाला नाही म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात गाळ्यात मोबाईलचं दुकान आलं, बाहेर गाणी लावून. जूनमध्ये अक्षता कॉलेजला जायला लागली आणि माझ्याकडं यायची बंद झाली.

हा दोष माझा, तो मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. बसस्टँडजवळची जागा म्हणजे सोनं. गोव्याच्या, बेळगावच्या बसमधून उतरणारी बाई तिथंच पहिली थांबणार. तसली जागा पोरीला परत मिळालीच नाही. रस्त्यातून जाताना ती दिसायची, मोबाईलच्या दुकानाकडं न बघता पुढं जायची, माझ्या दुकानाकडंही न बघता जायची. एक-दोनदा मी हाक मारायला उठले आणि बसले. मनात यायचं, शालन, तू स्वतः बिनमायेची कापलेली असूनसुद्धा चाळीस वर्षं टिकलीस की. कुणाच्या पोरीला शहाणपण शिकवायला गेलीस कशाला? पण मन किती खाल्लं तरी मी बोलले ते चूक होतं असं मला एकदाही वाटलं नाही. वाईट वाटणं वेगळं आणि चुकलं असं वाटणं वेगळं.

मार्चमध्ये परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी ती दारात उभी. अंगावर कॉलेजचा ड्रेस, बोटांना शाई. मी म्हटलं, "कोण गं तू? वळखीची वाटतीस."

"सरका तिकडं," ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या तिच्या स्टुलावर बसली. पिशवीतून एक चोपडं काढून माझ्या मशीनवर ठेवलं. पहिलीचं कन्नड पुस्तक, तिच्या धाकट्या भावाचं, कोपरे कुरतडलेलं. "मला तुम्ही वर्षभर बसवलासा न्हवं? आता तुम्ही बसा. रोज एक पान. काम झाल्यावर."

"ह्या वयात?"

"सतरा वर्षांच्या पोरीला म्हणत हुतासा, वर्ष आत दुमडून ठेव. तुम्ही कशाला घाबरतासा?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेपाचला, कापड आवरून झालं की, आमची शाळा. कन्नड अक्षरं गोल गोल, मशीनच्या बॉबिनवर दोरा गुंडाळल्यासारखी. मला ती सगळी एकाच माणसाची भावंडं वाटायची. अक्षता टेपनं मशीनवर टक टक करायची. "आक्का, हे काल झालंय." मी म्हणायची, "काल झालं म्हणून आज ध्यानात ऱ्हायला पाहिजे असं कुठं लिवलंय?" "इथंच लिवलंय," ती म्हणायची, "वाचता येत न्हाई तुम्हाला." बाबूटेलर आता पार म्हातारा झालाय, काठी टेकत येतो. दारात उभा राहून एकदा ऐकलं आणि म्हणाला, "शालन, आता तरी रुमालाला टाके घालू नको." हे त्याला कुणी सांगितलं म्हणून मी अक्षताकडं रागानं बघितलं.

आकडे आले त्या दिवशी मी तिला सात काढायला लावला. मग दोन. दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. त्यांच्यात साम्य होतं, नाही असं नाही. पण इतकंही नव्हतं.

निकाल लागला. अक्षता चांगल्या मार्कांनी पास झाली, तिच्या वाडीतली पीयूसी झालेली पहिली पोरगी. आईनं वाडीवरून कणग्यांची गाठोडी पाठवली, म्हणजे आमचे रताळ्यासारखे जमिनीतले कंद. आठवडाभर उकडून खात होते. डिग्रीला जातीस का, विचारलं. म्हणाली, "न्हाई. आता दुकान." या वेळी मी अडवलं नाही. माया ठेवलेली होती, ती लागायची तेव्हा लागेल. आता कापायचं ते तिनं ठरवायचं.

गाळा मिळाला तो वरच्या गल्लीत, रस्त्यापासून आत. मी म्हटलं, "इथं कोण येणार?" ती म्हणाली, "तुमच्याकडं पहिल्या वर्षी कोण येत हुतं?" दसऱ्याला उद्घाटन ठरलं. माझी निम्मी तरुण गिऱ्हाईकं तिकडं जाणार हे मला दिसत होतं. आणि तशी ती गेलीही, निमकहराम कुठल्या. पण जुन्या बाया माझ्याकडंच येतात. त्यांचं म्हणणं, अक्षताच्या दुकानात आरसा फार मोठा आहे.

दसऱ्याच्या सकाळी गेले. आई, मावशी, वाडीवरची चार माणसं, झेंडूची तोरणं. दारावर पाटी, वर पेपर चिकटवलेला. अक्षतानं पेपर ओढला. "आक्का, वाचा."

पाटीवर मोठ्या अक्षरांत वरती कन्नड. खाली मराठी असेल म्हणून मी डोळे खाली नेले, तर तिथं तिनं हात ठेवलेला. "वरचं."

सगळी माणसं बघत होती. मी चष्मा नीट केला. पहिलं अक्षर ओळखीचं होतं, त्याला काना. "मा," मी म्हटलं. दुसऱ्यानं जरा वेळ घेतला. मग तेही सुटलं. "या. माया." पुढचं 'टेलर्स' मी घाईघाईत, जवळजवळ ओरडून वाचलं.

"अगं, पण कन्नडात माया झालं म्हणजे गायब झालं," मी म्हटलं. "कन्नडवाले हसतील. कापड दिलं की गायब, असलं दुकान म्हणतील."

"हसू देत की," अक्षता म्हणाली. "हसायला तरी आत येतील. आत आले की माप घेतो."

तेवढ्यात एका बाईनं विचारलंच, माया म्हणजे हिची कोण? अक्षतानं माझ्याकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, "हट्! शिवणीच्या आत ऱ्हाती ती."

आत गेल्यावर तिनं मला एक पुडकं दिलं. पहिला शिवलेला ब्लाऊज माझा, असं तिनं ठरवलं होतं. जांभळा, बाहीला बारीक आरीवर्क. बाया बघू बघू करत होत्या. मी मात्र जन्माची खोड म्हणून आधी उलटा केला. टीप सरळ, एक दोरा लोंबत नव्हता. बाजूची शिवण उघडून बोटानं मोजलं आणि पुन्हा मोजलं. दोन्हीकडं दीड दीड इंच.

"अगं येडे," मी म्हटलं, "साठी आली माझी. आता कुठं भरणार मी? एवढी माया कशाला ठेवलीस?"

तिनं सुईतला उरलेला दोरा दातानं तोडला.

"तुमचं काय सांगावं, आक्का," ती म्हणाली. "सा म्हयन्यांमागं वाचता तरी कुठं येत हुतं?"